अठ्ठेचाळीस राक्षस आणि भिंगरीचं अक्षर

४ मार्च

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि आधी ते टेबलावर उलटं ठेवलं, जाऊन साबणाने हात धुतले, मगच उघडलं. तुझ्या वस्तूंना हात लावण्याआधी हात धुवायची शिस्त तू मला लावलीस तेव्हा तू आठ वर्षांचा होतास आणि मी तेरा. अजून सुटलेली नाही.

दोन वर्षांनी लिहिलंस आणि चारच ओळी. "डबा पाठव. भिंगरी गेल्यावर तिच्या वह्या पहिल्याच आठवड्यात मी रद्दीत घातल्या, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आता भिंगरीचं अक्षर तेवढ्या कार्डांच्या पाठीवर उरलं आहे. मला ते रोज थोडं बघायचं आहे."

मी या चार ओळी किती वेळा वाचल्या ते लिहीत नाही.

डबा सुखरूप आहे. माझ्या कपाटात, वरच्या फळीवर, भिंतीला न टेकवता ठेवला आहे. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कार्डं आहेत. ओल नाही, कसर नाही, एकही कोपरा दुमडलेला नाही. लोंबत्या, इस्त्रीवाला, झाकण्या, सगळे राक्षस जागच्या जागी आहेत. परवा सहज पाहिलं, इस्त्रीवाल्याच्या मानेमागची चेन अजून तितकीच स्पष्ट दिसते. रबरी कातडं घालून आत एक माणूस उभा आहे हे तुला कळलं तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास, आणि तिसऱ्या दिवशी म्हणालास, "मग तो बिचारा आत काय खात असेल?" तेव्हापासून तुला राक्षसांपेक्षा आतल्या माणसांचीच काळजी.

पाठवायला आठ-दहा दिवस लागतील. अशी कार्डं नुसती डब्यात टाकून पाठवता येत नाहीत. प्रत्येकामध्ये चांगला कागद घालायला हवा, बाहेरून जाड पुठ्ठ्याची पेटी करायला हवी. ऑफिसात या महिन्यात जुन्या नकाशांचं काम आलं आहे, त्यामुळे घरी आल्यावर वेळ कमी मिळतो.

जेवतोस ना वेळेवर? चष्म्याच्या दुकानातलं काम कसं आहे? तुझ्या खोलीत ऊन येतं का?

तुझी,
ताई


१५ मार्च

प्रिय ढब्बू,

पेटी तीन दिवसांपूर्वीच तयार झाली. वेळ नव्हता हे खरं नाही.

कार्डांच्या पाठी कोऱ्या आहेत. मी पुसल्या.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ उठून गेले होते. आता कसं झालं ते सांगते.

मागच्या वर्षी इथल्या खेळण्यांच्या छोट्या संग्रहालयात एक प्रदर्शन ठरलं. जुन्या जपानी राक्षसपटांची कार्डं, तिकडे गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात दोरीला टांगलेल्या कागदी पुड्यांतून मिळायची तीच. बाबा बोटीवरून आणायचे ती. पुडी फोडल्याशिवाय आत कोण आहे ते कळायचं नाही, आणि बाबा दोन पुड्या आणून म्हणायचे, "एक ताईची, एक तुझी," आणि माझीही शेवटी तुझ्याचकडे जायची. आमच्या ऑफिसाजवळ घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना या कार्डांचं वेड आहे. त्यांच्याकडे संच अपुरा आहे. मी बोलून गेले की माझ्या भावाकडे पुरे अठ्ठेचाळीस आहेत, बाबांच्या आठ पुड्यांपासून सुरू करून त्याने बावीस वर्षांत पुरे केले. त्यांचा विश्वास बसेना. मी डबा नेऊन दाखवला.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, एकेक कार्ड चिमट्याने उचललं. मग दोन उलटी केली आणि म्हणाले, "ताई, समोरून माल एक नंबर. पण मागे कोणी शाळा भरवली होती?"

मला वाटलं, तूच लहानपणी लिहिलं असणार, आणि तसं मी म्हणालेही. आपण राक्षसांना नावं द्यायचो, ती लिहून ठेवली असशील. "पेन्सिल आहे, जाईल," ते म्हणाले. पेन्सिल जाते हे मला त्यांनी सांगायला नको होतं. जुने कागद साफ करायचे, जोडायचे, वीस वर्षं मी तेच करते आहे.

माझ्या मनात एवढंच होतं की काचेखाली संच मांडला जाईल, मागची बाजू आरशात दिसेल, खाली तुझं नाव असेल, आणि मी तुला कळवीन. तू येशील. त्या निमित्ताने तरी खोलीबाहेर पडशील. तू जाताना मी जे बोलले होते, "किती दिवस असा बसून राहणार, आवर आता स्वतःला," ते लेक जाऊन दीड महिना झालेल्या माणसाला बोलायचं नसतं हे मला नंतर कळलं. प्रदर्शन ही माझी माफी होती. निदान तशी मला वाटली होती.

डबा देताना तू "उघडू नकोस" असं म्हणाला नव्हतास. "नीट ठेव" म्हणालास. नीट ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे.

हे शेवटचं वाक्य मी खोडणार होते. त्यात मी तुझ्यावर ढकलते आहे. पण खोडाखोड आता माझ्याने होत नाही, म्हणून राहू देते.

तुझी,
ताई


२१ मार्च

प्रिय ढब्बू,

मागचं पत्र टपालपेटीत टाकलं आणि घरी येऊन माझ्या रोजनिशीतलं गेल्या वर्षीचं ते पान काढलं. मी काय केलं हे मी तुला आठवणीवरून सांगितलं होतं. आठवण माझ्या बाजूने बोलते, रोजनिशी तशी बोलत नाही.

घड्याळवाल्या काकांना मी "भावाने लहानपणी लिहिलं असेल" असं म्हणाले नव्हते. "घरातलं लहान मूल असेल," असं म्हणाले होते. त्यावर ते म्हणाले, "असेल म्हणजे? तुमच्याच घरातलं ना?" मी हसले, असं रोजनिशीत आहे. काय म्हणून हसले ते नाही.

आणि तू कार्डावर पेन्सिल टेकवशील? तू त्यांच्यावर कुणाचा श्वास पडू द्यायचा नाहीस. हे कारण मी तुला, सगळ्या जगात तुलाच, लिहून पाठवलं. ते वाचताना तुझा चेहरा कसा झाला असेल याचा विचार करत होते.

पहिल्या दहा कार्डांपर्यंत मला माहीत नव्हतं, असं मी अजूनही म्हणते. म्हणजे माहीत करून घेतलं नव्हतं. अक्षर मोठं होतं, गोल होतं, काना फार लांब होता. मी वाचत होते, गालात हसतही होते, आणि रबराचा चुरा टाकून बोटाने हलकेच गोल फिरवत पुसत होते.

अकराव्यावर तो राक्षस होता, ज्याच्या रबरी पोटावर शिवण उसवलेली दिसते. तुला तो आवडायचा नाही, खोटेपणा उघडा पडतो म्हणून. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं:

याचं पोट उसवलंय. आतूला सांगा, ती जोडून देते.

मला आतू म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

आता रोजनिशीतलं वाक्य जसंच्या तसं देते. "अकराव्यावर थांबले. भिंगरीचं आहे. चहा केला. मग पुढे अठ्ठेचाळीसपर्यंत झालं. काम छान उतरलं."

मी तुला हे का सांगते आहे? तू विचारलं नाहीस. मागच्या पत्रावर तू गप्प राहून मला निर्दोष मानलंही असतंस कदाचित. पण तसं झालं असतं तर तुझं ते मानणं खोट्यावर उभं राहिलं असतं, आणि मला ते नको आहे. की मला नुसतं मोकळं व्हायचं आहे, आणि ओझं तुझ्याकडे ढकलायचं आहे? दोन्ही असेल.

चहा पिताना मी काय विचार केला ते आठवायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. एक, दहा कार्डं स्वच्छ आणि अडतीस लिहिलेली, हे फार विचित्र दिसेल. दोन, ढब्बूला हे सारखं बघत बसू देणं बरं नाही. हे दुसरं कारण मी वर्षभर स्वतःला सांगत आले. ऐकायला बरं वाटतं. पण ते मला नंतर सुचलेलं आहे. खरं कारण तिसरं आहे आणि ते लिहायला लाज वाटते. काम चांगलं चाललं होतं. हात बसला होता. कार्डाचा पिवळसर रंग एकसारखा येत होता, तंतू उठत नव्हते, आणि इतकं सफाईदार काम माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

बाराव्यापासून मी वाचणं बंद केलं. वाचलं की हात थांबतो.

प्रदर्शन तीन आठवडे चाललं. पाटीवर तुझं नाव होतं. तुला आमंत्रणाचं पत्र लिहिलं होतं, ते टाकलं नाही. तेव्हाच मला सगळं कळत होतं, नाही तर का नाही टाकलं?

ताई


२ एप्रिल

प्रिय ढब्बू,

तुझं उत्तर मिळालं. "आपण डबा आहे त्या स्थितीत पाठवावा." मला आपण म्हणालास. भांडणात तू मला काय काय म्हणाला आहेस, म्हैस म्हणालास, फौजदारीण म्हणालास, एकदा तर बाबांसमोर माझ्या नावाने आंघोळ करायला निघाला होतास. आपण कधी म्हणाला नव्हतास.

डबा आज दुपारी कुरियरने रवाना केला. पावती सोबत जोडली आहे.

त्याआधी दहा दिवस मी रजा काढून एक गोष्ट केली, ती सांगायला हवी. कारण डब्यात तुला एक घडी केलेला कागद दिसेल.

पेन्सिल पुसली तरी जोर देऊन लिहिलेल्या अक्षराचा खड्डा कागदात राहतो. दिवा अगदी आडवा धरला की त्याची सावली पडते आणि वाचता येतं. ऑफिसात आम्ही असं करतो. पण भिंगरीच्या हातात शेवटच्या महिन्यांत जोर कुठे होता? आणि त्यातून मी कार्डं पुसल्यावर किंचित दमट करून टिपकागदात घालून चार दिवस वजनाखाली ठेवली होती, सपाट व्हावीत म्हणून. खड्डे त्यातच भरून आले. मी जितकं नीट केलं तितकं ते गेलं.

न वाचलेल्या सदतीस कार्डांपैकी चारांवर काही मिळालं. एकोणिसाव्यावर पूर्ण आहे: "याला शहर मोडायचं नव्हतं. वळायला जागाच नव्हती." सत्ताविसाव्यावर अर्धं, "झोपला की शेपूट बाहेर राहते आणि". आणि काय, ते नाही. चाळिसाव्यावर: "बाबा म्हणतो हा सगळ्यात दुर्मिळ. मला हा बोअर वाटतो." चव्वेचाळिसाव्यावर फक्त "उद्या".

पहिल्या अकरांपैकी मी वाचलेली आठ मला आठवतात. तीही त्या कागदावर लिहिली आहेत, कार्डाच्या आकड्यांसकट. सहाव्यावरचं मला शब्दशः आठवतं, "हा रागावलेला नाही, याला आत उकडतंय." हे तुझंच तिच्यात उतरलं होतं. ज्याबद्दल खात्री नाही तिथे मी तसं लिहिलं आहे. सगळं माझ्या अक्षरात आहे, निळ्या शाईत, म्हणजे गोंधळ होणार नाही.

कारण गोंधळ होऊ शकला असता. हेही सांगून टाकते. तिने पाचव्या वर्षी मला पाठवलेलं एक वाढदिवसाचं पत्र असेल म्हणून मी घर उलथंपालथं केलं, ते सापडलं नाही. पण इतके दिवस दिव्याखाली तिची अक्षरं बघून बघून ती माझ्या हातात आली. एका दुपारी मी रद्दी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिच्या अक्षरात एक ओळ लिहिली. लांब काना, गोल ळ, सगळं जमलं. तुकडा फाडून टाकला. चाळीस कार्डं मी अशी भरून पाठवली असती तर तुलाही कळलं नसतं, ढब्बू. भिंगरीच्या आईलाही कळलं नसतं.

तिला मी फोन केला होता. तिच्याकडे काही वही, चिठ्ठी, काही असेल तर निदान फोटो काढून तुला पाठवावा म्हणून. शांतपणे ऐकून घेतलं तिने सगळं. मग म्हणाली, "तिचं हॉस्पिटलातलं एक चित्र आहे. त्यावर काही लिहिलेलं नाही. आणि ते माझं आहे हो, वन्सं." मी बरं म्हटलं. फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, "पेन्सिल त्यांनी स्वतः टोक काढून दिली होती, माहितीये तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. तू, ज्याने मला हात धुतल्याशिवाय कधी कार्डाच्या कडेलाही बोट लावू दिलं नाहीस, तू तिला टोक काढून पेन्सिल दिलीस.

ताई


१९ एप्रिल

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र आलं. तू मला पुन्हा ताई म्हणालास. मी त्यातून काही अर्थ काढत नाही. तुला माझ्याकडून एक गोष्ट हवी आहे आणि ती मागताना तू जुनी हाक मारलीस, इतकंच असेल.

तू लिहितोस: "ताई, बत्तिसाव्यावर काय होतं? बाकीची सगळी तिने मला वाचून दाखवली, लिहिता लिहिता. कागद पाहिल्यावर बरीचशी मलाच आठवली. पण बत्तिसावं लिहिताना तिने हात आडवा धरला होता. म्हणाली, बाबा, हा तू नंतर वाच. नंतर म्हणजे कधी, विचारलं, तर म्हणाली, तुला कळेल ना. मी वाचलं नाही. ती गेल्यावरही नाही. वाचलं की संपलं असं वाटायचं, म्हणून डबा तुझ्याकडे दिला. आता वाचणार होतो. तू एकटीच आहेस जिने ते पाहिलं आहे. कागदावर बत्तीस या आकड्यासमोर तू काहीच लिहिलेलं नाहीस. दडवू नकोस. काय वाटेल ते असू दे."

हे पत्र माझ्याकडे येऊन सहा दिवस झाले. सहा दिवस मी कामावर गेले, आले, जेवले. बत्तिसावं कार्ड म्हणजे समुद्रातून अर्धा वर आलेला, दोन्ही हात वर केलेला. त्याला आपण शरणागत्या म्हणायचो. कार्ड आता तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही, तरी मी डोळे मिटून त्याची पाठ समोर आणायचा प्रयत्न करते आहे. ती येते. पण तिच्यावर नुसती पेन्सिल येते, शब्द येत नाहीत.

मी वाचणं बंद केलं होतं हे मी तुला लिहिलं होतं. बंद केलं म्हणजे कसं, तेही सांगते. मी कार्ड उलटं धरायचे. अक्षरं खाली डोकं वर पाय झाली की ती नुसत्या रेघा होतात, आणि रेघा पुसायला काही वाटत नाही. ही युक्ती आम्ही ऑफिसातही वापरतो, नजर मजकुरात अडकू नये म्हणून. नव्या माणसांना मीच शिकवते.

मला तुला काहीतरी द्यायचं आहे. काय द्यावं हेही मला सुचतं. शरणागत्याचे हात वर आहेत, म्हणजे ती "बाबा, मला उचलून घे" असं लिहू शकली असती. ती विनोदी होती, तेव्हा "हा हरला नाही, याला खाज सुटलीये" असंही असू शकेल. तिला सगळं माहीत होतं असं आपल्याला नंतर वाटत राहिलं, तसं काही असेल. या तीनपैकी कुठलंही मी लिहिलं तर तू मानशील. तुला मानायचंच आहे. तुझ्या खोलीत बसून तू ते रोज थोडं थोडं वाचशील, आणि ते माझं असेल, तिचं नसेल. एकदा पुसून झालं आहे, आता वर दुसरं लिहायचं हे माझ्याने होणार नाही. तू यासाठी मला कधी माफ केलं नाहीस तरी होणार नाही.

म्हणून रोजनिशीत आहे तेवढं आणि हाताला आठवतं तेवढं लिहिते. रोजनिशीत त्या दिवशी एका ओळीत आहे, "३२ चिवट. दोनदा करावं लागलं." बाकीच्यांपेक्षा पेन्सिल गडद होती. म्हणजे तिने त्याच त्या अक्षरांवरून पुन्हा फिरवली असावी. असावी हा माझा तर्क आहे, गडद होती एवढं खरं.

ओळी चार होत्या. पहिली अगदी आखूड होती, एखाद्या हाकेएवढी. दुसरी आणि तिसरी पूर्ण भरलेल्या. चौथीला खाली जागा उरली नाही, तेव्हा ती उजव्या कडेने वर वळवून नेली होती, पार कार्डाच्या छापील आकड्यापर्यंत. तिथे कोपऱ्यात पुसायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण अक्षरं बारीक होत होत एकमेकांत शिरली होती. तिला अजून बरंच लिहायचं होतं, ढब्बू, आणि ते सगळं तिने तिथे बसवलं होतं.

काय होतं ते मला माहीत नाही.

ताई